वाड्यावरचा सूर्य निघाला घोड्यावरून

खंडाळ्याहून लोणंदकडे जाताना रस्त्याच्या कडेला बाजरी काढलेल्या रानात मेंढरांचा वाडा उतरला होता. दिवाळी होऊन आठवडा झालेला. दुपारची वेळ, मेंढरं लांब चरायला गेलेली. वाघरीच्या जाळ्यात कोकरं ओरडत होती. दोन घोड्या पुढचे पाय बांधून मोकळ्या सोडल्या होत्या. तीन दगडांच्या चुलीवर कालवण रटरटत होतं. यात नवं काही नाही. आपल्या भागात हे चित्र वर्षातून दोनदा दिसतंच. नवी होती ती एकच वस्तू. पसरलेल्या घोंगडीवर पाटाएवढी एक काळी पाटी उन्हात तिरकी ठेवलेली. तिच्यातून निघालेली तार घोंगडीच्या घडीखाली गेलेली.

"ही काय ओ मावशी?" म्हणून विचारलं.

"सोलार हाय," म्हातारी म्हणाली. "हात लावू नगा दादा, सावली पडती. फोन भरतोय."

सावली पडली की पाटी झोपते हे ज्ञान या माउलीला कुणी पुस्तकातून दिलेलं नव्हतं. ते तिला गेल्या दोन हंगामांत वाटेवर आलेलं होतं.

बाहेरगावच्या वाचकांसाठी एक खुलासा. खंडाळा म्हटलं की लोकांना लोणावळ्याजवळचा थंड हवेचा खंडाळा आठवतो. आपला खंडाळा तो नव्हे. आपला पारगाव-खंडाळा, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचा. सावित्रीबाई फुले यांचं जन्मगाव नायगाव याच तालुक्यात आहे. उत्तरेला नीरा नदी, तिच्यावर वीर धरण. शिरवळ-केसुर्डीकडे कारखाने आले, धोम-बलकवडीचा कालवा आला, तरी पूर्वेकडचं रान अजून माळाचंच. आणि लोणंदला कांद्याबरोबर मेंढराचंही नाव आहे. दख्खनी मेंढीच्या चार प्रकारांपैकी एका प्रकाराला शास्त्रज्ञ 'लोणंद' म्हणूनच ओळखतात. उरलेले तीन संगमनेरी, सोलापुरी आणि कोल्हापुरी.

आठ महिने बिनभिंतीचा संसार

खंडाळा, फलटण, माण, खटाव या पट्ट्यातले अनेक धनगर वाडे दसरा-दिवाळीनंतर गाव सोडतात. कुणी भोरवरून वरंधा घाट उतरून महाडकडे, कुणी पाटणवरून कुंभार्लीने चिपळूणकडे, कुणी पुणे जिल्ह्यात. मृगाच्या आत माघारी. मध्ये सात-आठ महिने ज्याच्या रानात मेंढरं बसवायची त्याच्याकडून धान्य नाहीतर पैसे घ्यायचे, त्याच्या रानाला लेंडीखत द्यायचं, आणि दोन-चार दिवसांनी पुढचं रान धरायचं. सकाळी बापय मेंढरं घेऊन आडरानानं जातात. बाया घोड्यावर संसार लादून रस्त्याने पुढच्या मुक्कामाला जातात आणि वाडा लावतात. घोड्यावर जे मावेल तोच संसार. भांडी, पीठ, वाघरी, कोकरं, कधी कधी तान्हं पोरही.

या संसाराला विजेचा खांब नाही. वीज मंडळाचं मीटर घराला बसतं, वाड्याला बसत नाही. घरोघर वीज देण्याची केंद्राची सौभाग्य योजना २०१७ साली आली, तीही घरासाठीच. या लोकांचं गावाकडं घर आहे, त्यात दिवाही आहे. पण त्या दिव्याखाली वर्षातले चार महिनेच माणूस असतं. बाकीचे दिवस म्हातारा-म्हातारी आणि शाळेची पोरं.

पूर्वी काय होतं? कंदील आणि बॅटरी. रेशनचं रॉकेल मिळायचं तेव्हा वाड्यावर एक कंदील रात्रभर मिणमिणता असे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेचं नाव आपल्याकडे जुळी कोकरं देणाऱ्या 'नारी सुवर्णा' मेंढीमुळे घरोघर झालं. पण याच संस्थेने १९८० च्या दशकात खेड्यातल्या अंधारासाठी 'नूरी' नावाचा रॉकेलचा कंदील तयार केला होता, हे आता फार जणांच्या लक्षात नसेल. मेंढी आणि दिवा या दोन्ही गोष्टींचा विचार एकाच आवारात झाला, हे मला तरी योग्य वाटतं. पुढे रॉकेल आटलं. बॅटरीचे सेल दर पंधरवड्याला विकत घ्यावे लागत. मग मोबाईल आला आणि अडचण दुप्पट झाली, कारण आता उजेडाबरोबर फोनलाही वीज हवी झाली.

फोन म्हणजे चैन, असं शहरातल्या माणसाला वाटेल. वाड्यावर तसं नाही. पुढचं रान कुणाचं रिकामं झालं, कुठं हिरवळ आहे, कुठल्या गावात फवारणी झाली, व्यापारी काय भाव देतोय, हे सगळं फोनवर कळतं. मेंढरं पटापट पडायला लागली तर जनावरांच्या दवाखान्याचा १९६२ क्रमांक लावायचा असतो. माणसाला सापडंग झालं तर १०८. आणि गावाकडं राहिलेल्या पोरीनं आज शाळेत काय केलं, हेही त्याच फोनवर. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा सगळे वाडे वाटेवर होते. रस्ते बंद, गावांच्या वेशी बंद. घरच्यांना खुशाली कळवायला हातातल्या फोनशिवाय दुसरं साधन नव्हतं.

तो फोन भरायला टपरीवर ठेवावा लागे. तिथं पैसे लागतात, शिवाय एक माणूस तासन्‌तास अडकतो. वाड्याच्या कारभाऱ्याने सांगितलेला प्रसंग असा. कोकणातून परतताना घाटाच्या तोंडाशी मुक्काम होता. रात्री अंधारात तीन मेंढरं कुणीतरी गाडीत घालून नेली. गाडीचा आवाज आला, कुत्री धावली, पण तिन्ही फोन मेलेले. "गावात माज्या वळकीचा माणूस हुता. नुसता एक फोन लागला असता तर नाक्यावर गाडी अडवली असती," तो म्हणाला. "तीन मेंढरं म्हंजी तवाचं तीस-पस्तीस हजार. दुसऱ्याच बाजाराला ही पाटी घेतली बगा."

चैनीची वस्तू कामाला लागली

गंमत अशी, की ही पाटी मेंढपाळांसाठी कुणी बनवलेलीच नाही. घडी घालून पिशवीत टाकायची सौर पाटी, तिला जोडायची बॅटरीची डबी (बाजारात तिला पॉवरबँक म्हणतात) आणि पाठीवर छोटी पाटी असलेला गाण्याचा भोंगा म्हणजे स्पीकर, या वस्तू निघाल्या त्या डोंगर चढणाऱ्या, तंबू ठोकून राहणाऱ्या हौशी लोकांसाठी. वाईच्या पुढे धोम धरणाच्या काठाला शनिवारी-रविवारी तंबूंची रांग लागते, तिथं त्या दिसतात. किल्ल्यांवर जाणाऱ्या पोरांच्या पिशवीलाही लोंबकळताना दिसतात. दोन दिवसांच्या सहलीला त्यांची खरी गरज किती, हा प्रश्नच आहे. घरून डबी भरून नेली तरी दोन दिवस निघतात. किल्ल्यावर मोठ्यानं गाणी लावण्याविषयी तर न बोललेलं बरं. आठ महिने उघड्यावर राहणाऱ्याला मात्र तीच वस्तू रोजच्या कामाची ठरली.

सौर दिव्याचं काम सरकारी संस्थांनीही केलं आहे. मुंबईच्या आयआयटीने २०१४ च्या सुमारास शाळकरी मुलांसाठी दहा लाख सौर दिव्यांचा कार्यक्रम हाती घेतला. त्यातला चांगला विचार असा, की दिवे गावातल्याच माणसांनी जोडायचे आणि दुरुस्तीही त्यांनीच करायची. पण तो दिवा टेबलावर ठेवून अभ्यास करायचा होता. घोड्यावर बांधून घाट उतरायचा दिवा अजून आपला आपणच शोधावा लागतो. आणि इथंच आपला माणूस फसतो.

हिशेब एकदा मांडूनच घ्या

आठवडी बाजारात किंवा हायवेच्या कडेला जी डबी मिळते तिच्यावर मोठ्या अक्षरात '२०,०००' लिहिलेलं असतं आणि पाठीवर तळहाताएवढी काळी पाटी चिकटवलेली असते. विकणारा सांगतो, "उन्हात ठेवा, फुकट भरते." भरते, खोटं नाही. पण कधी?

वीस हजार मिलिअँपिअर-तासांची डबी म्हणजे साधारण ७४ वॅट-तास. तळहाताएवढी पाटी कडक उन्हात दीड वॅट देते, फार तर थोडी जास्त. ७४ ला दीडने भागलं की ४९ तास येतात. मधली गळती धरली तर साठाच्या घरात जातं. दिवसाला चांगलं ऊन पाच तास धरा. म्हणजे डबी एकदा भरायला बारा दिवस, तेही मध्ये एकदाही न वापरता. त्या पाटीचा उपयोग अडीनडीला दोन मिनिटं बोलण्यापुरता. खोक्यावरचं चित्र मात्र असं, की जणू धरणच भरतंय.

फसवणूक ओळखायला एक सोपा आडाखा आहे. भर दुपारचं ऊन एका चौरस मीटरला साधारण हजार वॅट पडतं, म्हणजे एका चौरस फुटाला नव्वदच्या आसपास. आजच्या चांगल्या पाट्या त्यातला पाचवा हिस्सा विजेत बदलतात. तेव्हा एक चौरस फुटाची पाटी कितीही भारी असली तरी अठरा-वीस वॅटच्या वर जाणारच नाही. विक्रेता वहीएवढ्या पाटीला 'पन्नास वॅट' म्हणत असेल तर त्याला नमस्कार करून पुढं जावं.

वाड्याला किती लागतं? मोठ्या पडद्याचा मोबाईल एकदा पूर्ण भरायला, गळती धरून, पंचवीसेक वॅट-तास लागतात. बटणाच्या फोनला त्याच्या एक पंचमांश, आणि तो चार-पाच दिवस चालतो. म्हणून जाणते मेंढके अजून एक बटणाचा फोन कनवटीला ठेवतातच. दोन वॅटचा एलईडी दिवा चार तास लावला तर आठ वॅट-तास. खरी दहा वॅटची पाटी खोक्यावर दहा म्हणते, पण रानात सातच्या आसपास देते. पाच तासांचे झाले पस्तीस. त्यात एक मोठा फोन आणि एका रात्रीचा दिवा बसतो. तीन-चार बिऱ्हाडांचा वाडा असेल तर वीस वॅटची पाटी आणि वेगळी डबी, हे माप बरं.

डबीबद्दल एक. पाटीची तार थेट फोनला लावण्यापेक्षा दिवसा डबी भरावी आणि रात्री डबीवरून फोन भरावा. ढग आला की पाटीचा जोर तुटतो. काही फोन त्यावेळी भरणं थांबवतात आणि ऊन परत आलं तरी पुन्हा सुरू करत नाहीत. संध्याकाळी बघावं तर फोन रिकामाच. डबी घेताना भारतीय मानक ब्युरोचा 'आर' ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला आहे का पाहावं. नसेल तर आतले सेल कुठल्या जुन्या लॅपटॉपमधून काढले असतील, सांगता येत नाही.

म्हातारीचं शास्त्र

पाटी कशी ठेवायची याचं शास्त्र मावशीला तोंडपाठ होतं. आपल्याकडे सूर्य वर्षातला बहुतेक काळ दक्षिणेला झुकलेला, म्हणून पाटीचं तोंड दक्षिणेला. थंडीत जरा उभी, उन्हाळ्यात जवळजवळ आडवी. नीट बसली का ते बघायला ती पाटीवर काडी उभी धरते. काडीची सावली नाहीशी झाली की पाटी सूर्याला सरळ. दुपारपर्यंत दोनदा फिरवायची. धूळ फडक्यानं पुसायची. मेंढराच्या वाड्यावर धूळ किती उडते ते वेगळं सांगायला नको.

सावलीचं कारण असं. पाटीत लहान लहान तुकडे एकापुढे एक जोडलेले असतात. पाटाच्या पाण्यात एका जागी ढेकूळ आडवं पडलं की पुढच्या सगळ्या वाफ्यांना पाणी कमी पडतं, तसंच इथं. बोटभर सावलीने एक तुकडा अडला की मागची-पुढची सगळी रांग अडते. बाभळीच्या विरळ सावलीत ठेवलेली पाटी म्हणूनच काही देत नाही. चालत्या घोड्याच्या पाठीवर पाटी बांधायची कल्पना तरण्या पोरांना आवडते, पण चालताना तोंड सारखं फिरतं, ओझ्याची सावली पडते, तारही तुटते. या वाड्यानं एक हंगाम तसं करून बघितलं आणि सोडलं. आता बाया मुक्कामावर पोचल्या की चूल मांडायच्या आधी पाटी मांडतात.

आणि डबी नेहमी सावलीत. पाटीला ऊन हवं, डबीला नको. मार्च-एप्रिलच्या उन्हात काळी वस्तू चटका बसेल इतकी तापते. पंचेचाळीस अंशांच्या वर लिथियमची बॅटरी भरणं तिच्या आयुष्याला घातक. फुगते, क्वचित पेटही घेते. पाटीसुद्धा फार तापली की थोडी मंदावते. पाटी आणि डबी एकत्र चिकटवलेला माल म्हणूनच मुळात चुकीचा. एकीला उन्हात ठेवायचं म्हटलं की दुसरी भाजते. मावशीची तार घोंगडीच्या घडीखाली का गेली होती, ते आता कळलं असेल.

भोंगा, रेडिओ आणि लांडगा

वाड्यावर दुसरी वस्तू होती ती मूठभर स्पीकर. त्यात रेडिओ आणि गाण्यांचं कार्डही. पोरगं म्हणालं, "रात्री जागायला बरं पडतं." आळीपाळीने राखण करायची म्हणजे पहाटे तीनला डोळा लागतोच. तेव्हा बारीक आवाजात धनगरी ओव्या, बिरोबाची गाणी लावायची. कवठेमहांकाळ तालुक्यातल्या आरेवाडीच्या बिरोबाला हा वाडा दरवर्षी जमेल तेव्हा जातो. तिथल्या ओव्याही त्या कार्डात होत्या. सकाळी सांगली आकाशवाणी. १९६३ पासून हे केंद्र या पट्ट्याला बाजारभाव आणि हवामान सांगत आलं आहे. म्हाताऱ्यांचा त्या आवाजावर फोनवरच्या निरोपापेक्षा अजून जास्त भरवसा आहे. असा स्पीकर सरासरीने एक-दोन वॅटच खातो, तेव्हा पाटीला तो जड जात नाही. मोठ्या आवाजात लावला तर मात्र दिव्याची वीज त्यात जाते. घरात भांडण लागतं ते याच्यावरून.

स्पीकरने लांडगा पळतो का, हेही विचारलं. आपल्या माळावर लांडगा अजून आहे, डोंगराच्या कडेला बिबट्याही. पोराचं म्हणणं पळतो. बापाचं म्हणणं वेगळं. "दोन राती बिचकतो. तिसऱ्या रातीला त्याला कळतं, ह्यो नुसताच बोलतोय." मला बापाचं पटलं. जागा माणूस, चांगली कुत्री आणि हवा तेव्हा लागणारा झगझगीत उजेड, हीच खरी राखण. उजेडाचा दुसरा उपयोग रात्री मेंढी विताना. कोकरू आडवं आलं तर फोनच्या बॅटरीवर किती वेळ बघणार? मावशीने सांगितलं, मागल्या माघात एका रात्री पाच मेंढ्या व्याल्या आणि दिवा पहाटेपर्यंत पुरला.

सूर्यावर चालणाऱ्या या वस्तूंची हद्दही सांगायला हवी. ज्ञानोबा माउलींची पालखी नीरा स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते, लोणंदला मुक्काम करते, तेव्हा ज्येष्ठ-आषाढाचे दिवस असतात. दिंड्यांतल्या काही जणांकडे आता या पाट्या दिसतात. पण आभाळ भरलेलं असलं की पाटी चौथा हिस्साही देत नाही, कधी दहावाही नाही. वारकऱ्याने घरून भरलेली डबी आणावी, मुक्कामाच्या गावात भरून घ्यावी, पाटीचं ओझं वाहू नये. मेंढपाळाचं फिरणं कार्तिक ते वैशाख, म्हणजे नेमकं उन्हाचं. त्याला ती फळते.

बिघडली तर?

वाड्याची पहिली पाटी दहा महिन्यांत बंद पडली होती. पाटी चांगली होती, तारेचं टोक तुटलं होतं. खोक्यावर एक वर्षाची हमी, पण पत्ता परराज्यातला आणि पावती नाही. दुकानदार म्हणाला नवीन घ्या. शेवटी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका जुन्या कारागिराने डाग देऊन वीस रुपयांत चालू केली. अशी माणसं प्रत्येक बाजारगावात एक-दोन उरली आहेत. घेतानाच तार वेगळी निघणारी, बॅटरी स्क्रूने उघडणारी वस्तू घ्यावी. गोंदाने बंद केलेली घेऊ नये. आणि पावती घ्यावीच. वाटेवरच्या माणसाला हमीचा काही उपयोग व्हायचा तर तेवढ्या कागदानेच होतो.

राहिला प्रश्न सरकारचा. मेंढीपालनाला २०१७ पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना आहे, मेंढीगट घ्यायला ७५ टक्के अनुदान मिळतं. चांगली गोष्ट आहे. पण मेंढरू घेऊन दिलं तरी ते रात्री राखायला अंधारच, असं होऊ नये. वीस वॅटची पाटी, एक डबी, दोन दिवे यांचा खर्च एका चांगल्या मेंढीच्या किमतीपेक्षा कमी आहे. पशुसंवर्धन खात्याने आणि जिल्हा परिषदेने ही जोडी मेंढीगटाबरोबरच द्यायला हरकत नाही. मात्र ती देताना पडताळणीला दिवाळीनंतर घरी येऊ नये. तेव्हा घरी म्हातारीसुद्धा नसते.

उन्हं कलली तशी मावशीने पाटी उचलली, घोंगडीत गुंडाळली, डबीवरचे चार बारके दिवे मोजले. चारही लागले होते. लांबून मेंढरांची धूळ दिसायला लागली होती. परवा भोर, मग घाट. "कोकणात झाडी लई," ती म्हणाली, "तितं जागा हुडकावी लागती बघा उन्हाची."